हिच्या पायाबद्दल मी जे बोललो

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी पास नाही, चौथीत बसलो होतो एवढंच. लिहिताना बोटं आखडतात आणि जोडाक्षरं चुकतात, ती कोणी सुधारून घेईल. पण ही गोष्ट माझ्यामागं दुसऱ्यानं सांगावी असं मला वाटत नाही. दुसरे सांगतात तेव्हा काहींच्या तोंडी मी अविश्वासी असतो आणि काहींच्या तोंडी पास्टर खुनी असतो. दोन्ही खोटं आहे. म्हणून लिहायला बसलो.

मी एसटीच्या डेपोत टायरवाला होतो. गाडी आत आली की चाकं वाजवून पाहायची, टायर उतरवायचं, आत हात घालून तपासायचं. ड्रायव्हर घाईत असायचे. म्हणायचे, "सोड न गा, समुद्रपूरपर्यंतच तं जाचं हाय." मी सोडत नसे. साहेबानं आवाज चढवला तरी सोडत नसे. हेकट म्हणून माझं नाव पडलं ते तिथूनच, आणि खरं सांगतो, मला त्या नावाचा राग कधी आला नाही. माझ्या हातची गाडी रस्त्यात बसली नाही.

आम्ही ख्रिस्ती आजोबांपासून. वडील मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी जायचो. सकाळी घंटा व्हायची, नर्सा ओळीनं उभ्या राहून प्रार्थना म्हणायच्या, आणि आमेन झालं की लगेच सुया उकळायला ठेवायच्या. देवाचं आणि सुईचं भांडण असतं हे मला म्हातारा होईपर्यंत माहीत नव्हतं. वडील फार बोलणारे नव्हते. होय असेल तर होय म्हण, नाही असेल तर नाही म्हण, मधल्या गल्लीत उभा राहू नको, एवढंच त्यांनी मला शिकवलं. ते शिकवून त्यांनी माझं भलं केलं की वाटोळं, हे आता त्यांना विचारता येत नाही.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नाचणगावच्या बाहेर टिनाच्या शेडात भरते. थोडी घरं. शेडाचे खांब रोवताना मी होतो, वरची टिनं बांधताना मी होतो. बाकी गाव हिंदू, कोणी शेतीवाले, कोणी मास्तर, कोणी पुलगावात नोकरीवर. आमचं त्यांचं कधी वाकडं नव्हतं. नाताळात आमच्या करंज्या त्यांच्या घरी, दिवाळीत त्यांचा चिवडा आमच्या घरी. अलीकडं मात्र रविवारी कोणीतरी शेडासमोर मोटरसायकल उभी करतं आणि दाराशी काढलेल्या चपला पाहत राहतं. काही बोलत नाही. नुसतं पाहतं. त्यामुळं मंडळीतले लोक हळू बोलायला लागले आणि गाणी मात्र जोरात म्हणायला लागले.

पास्टर तरुण पोरगा. अमरावतीकडचा. बायको आणि तान्हं लेकरू घेऊन एका खोलीत राहायचा. कोणी आजारी पडलं की सायकल काढून जायचा, उशाशी गुडघे टेकायचा, आणि रडायचा. खरं रडायचा. त्याला स्वतःला मूळव्याध होती आणि तिचं मलम तो पुलगावच्या मेडिकलमधून कागदात गुंडाळून आणायचा. मला ते माहीत होतं. मी कुठं बोललो नाही. माणसाच्या बुडाची गोष्ट चव्हाट्यावर आणू नये.

आता साक्षीचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलं. आमच्या उपासनेत गाणी झाली की पास्टर विचारतो, कोणाला साक्ष द्यायची आहे? मग ज्याच्यासाठी देवानं काही केलं असेल तो उठतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. कोणाचा ताप उतरला, कोणाचा नवरा दारूतून सुटला. लोक टाळ्या वाजवतात, हालेलुया म्हणतात. चांगली चाल आहे. गरिबाला त्याच्या जन्मात दुसरं कोण उभं करून बोल म्हणतं? पण एकदा दिलेली साक्ष परत घेता येत नाही. तसा कुठं नियम लिहिलेला नाही, तरी घेता येत नाही. बरी झाले म्हणून टाळ्या घेतलेल्या बाईनं दुसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या रांगेत कसं बसावं? मंडळीतली कोणी ना कोणी तिथं आधीच बसलेली असते.

आमच्या हिला साखर होती. बरीच वर्षं. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. ही अंगणवाडीत मदतनीस होती, जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांची खिचडी रांधली. बोलायची कमी. चार बायांत बसली तर मागं बसायची. सुई मात्र स्वतःच्या हातानं टोचायची, मला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, "तुमी टायरात हवा भराल तसं भरान."

पुनरुत्थानाच्या सणाआधी, म्हणजे ईस्टरच्या आधी, मंडळीत उपास-प्रार्थना होती. बाया शेडातच राहिल्या, नुसत्या पाण्यावर. ही पण. पण उपासातही हिनं सकाळची सुई चुकवली नाही, कारण तोवर ती नेमानं घ्यायची. पोटात अन्न नाही आणि वरून सुई. शेवटच्या दिवशी प्रार्थना चालू असताना हिचं अंग थरथरायला लागलं. घामानं लुगडं भिजलं. डोळे वर गेले. भोवतीच्या बाया म्हणाल्या, आत्मा उतरला. पास्टरनं डोक्यावर हात ठेवला. एका बाईकडं साखर पाहायचं मशीन होतं, तिनं बोट टोचून पाहिलं, तर साखर इतकी खाली की तिनं ते मशीनच वर धरून सगळ्यांना दाखवलं. मग हिला लिंबाचं शरबत पाजलं, आणि ही शांत झाली. त्याच जागी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माही साखर प्रभूनं काढून घेतली."

मी त्या वेळी तिथं नव्हतो. मला नंतर कळलं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईला मी जाऊन विचारलं तर तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "बाबा, उपाशी पोटी सुई घेतली त्यांनी. जीव जात होता बाईचा. शरबत पाजलं म्हणून वाचली."

घरी आलो तेव्हा ही भाकरी थापत होती. गाल लाल, डोळ्यात तेज. इतक्या वर्षांत मी तिला अशी पाहिली नव्हती.

"सुई घेतली का?" मी विचारलं.

"कायची सुई?"

"आताची."

"मी बरी झाली न. बऱ्या माणसाले कोणी सुई टोचते का?"

"अवं, पोटात काही नव्हतं तं साखर दिसन कुठून? नर्सबाई म्हणे तू मरता मरता वाचली."

"नर्सबाई तिथं होती का?"

"मी नव्हतो न तीबी नव्हती. पण जेवल्यावर एकदा पाहून घेऊ. मशीन मांगून आणतो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "देवाची परीक्षा पाहाची नसते. तुमाले टायरातली हवा समजते. हे नाई समजत."

मी गप्प बसलो नाही. रोज बोललो. समजावलं, चिडलो, एकदा ताट सारून उठलो. तिनं उलट उत्तर देणंच सोडून दिलं. तिकडं मंडळीत तिची साक्ष गाजली. दुसऱ्या गावच्या मंडळ्यांनी बोलावलं. रविवारी दुपारी टेम्पो यायचा, तिला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवायचे. तिथं गेल्यावर पहिल्या रांगेत खुर्ची. जी बाई जन्मभर मागं बसली तिला पुढं खुर्ची मिळाली होती. मी तिला सुई घे म्हणत होतो तेव्हा खरं म्हणजे त्या खुर्चीवरून ऊठ म्हणत होतो. हे तिला बरोबर कळत होतं, आणि मलाही कळत होतं. तरी मी म्हणत होतो.

मग मे महिना आला. आमच्याकडचा मे काय असतो ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. शेडात जाताना चपला दाराबाहेर काढायच्या आणि उन्हात तापलेल्या फरशीवरून चालत आत जायचं. लोक उड्या मारत जातात. ही सावकाश चालत गेली. घरी आल्यावर पाहतो तर तळव्याला मोठे फोड.

"हे काय झालं?" मी म्हटलं.

"कुठं?" तिनं पाय वळवून पाहिला. मग हसली. "पाहा. फोड आले, पण दुखत नाई. काहीच वाटत नाई मले. प्रभूनं दुखणंच नेलं."

मी फोडावर बोट दाबलं. ती माझ्याकडं पाहत हसतच राहिली. आमच्या डेपोत एक ड्रायव्हर होता साखरेचा, त्याचा पाय असाच दुखायचा बंद झाला होता. तो पण खूश झाला होता. पुढं त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून डेपोत भेटायला आणायचे.

फोड फुटले, जखम झाली, जखम काळी पडायला लागली. मी शेजारच्या गुरुजींकडं गेलो. पेन्शनर मास्तर, भला माणूस. म्हटलं, तुमचं ती ऐकेल. गुरुजी पायरीवर बसून राहिले. म्हणाले, "भाऊ, मी बोललो तर लोक म्हणतील हिंदू मास्तर ख्रिस्त्यांच्या घरात लुडबुड करून राह्यला. दिवस कसे आहेत तुम्ही पाहून राह्यले. तुमच्या पास्टरलेच सांगा."

पास्टरकडं गेलो. त्याचं लेकरू पाळण्यात झोपलं होतं, तो पायानं पाळणा हलवत होता.

"काकाजी, मी काकूले औषध बंद करा असं कधी म्हटलं?" तो म्हणाला.

"नाई म्हटलं."

"मंग?"

"चालू ठेवा असं म्हणा. एका रविवारी, सगळ्यासमोर. माहं नाई आयकत ती. तुमचं आयकन."

त्यानं लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली. "मी तसं म्हटलं तं काकूची साक्ष खोटी होती असं होईन. बाहेरचे लोक आधीच टपून बसले हायेत. म्हणतील, पाहा, हे लोक खोटे चमत्कार सांगतात. मंडळी फुटन, काकाजी. मले इथून जा लागन."

"आन तिचा पाय?"

"मी रोज प्रार्थना करून राह्यलो तिच्यासाठी."

"प्रार्थनेले मी नाई म्हटलं का?"

त्याच्या डोळ्यात पाणी आलं. "मले भ्याव वाटते, काकाजी."

"मलेबी वाटते," मी म्हटलं, आणि निघून आलो.

ते मी खरं बोललो होतो. हेकट माणसाला भीती नसते असं लोकांना वाटतं. मला होती. आमचं कबरस्तान मंडळीच्या ताब्यात आहे. मंडळीनं तोंड फिरवलं तर मी मेल्यावर मला कुठं टाकतील? भाऊबंद जे हिंदू राहिले ते आजोबांच्या वेळीच तुटले. मोटरसायकलवाल्यांच्या कानावर माझं बोलणं गेलं तर त्या शेडाचं काय होईल? त्याचे खांब मीच रोवलेले. आणि सगळ्यात मोठी भीती हिची. सगळ्यांसमोर मी तिला खोटी पाडली तर ती माझ्याशी पुन्हा बोलेल का? या सगळ्या भीत्या मी आठवडाभर तपासल्या. एकही फुसकी नव्हती. पुढं त्या कमी-जास्त खऱ्याच झाल्या, तेव्हा माझा अंदाज चुकला असंही म्हणता येत नाही.

रविवारी ही पायाला पांढरं फडकं गुंडाळून आली. फडक्याला वास होता. जवळच्या बायांनी पदर नाकाशी धरले, पण बाजूला कोणी सरकली नाही. साक्षीची वेळ आली तशी ही उठली. म्हणाली, "माह्या पायाले जखम हाय. पण प्रभूनं दुखणं काढून घेतलं. मले मुंगी चावल्याएवढंबी दुखत नाई." टाळ्या झाल्या. टिनाखाली टाळ्या फार मोठ्या वाजतात.

मी उठलो. म्हटलं, "मलेबी साक्ष द्याची हाय."

पास्टरचा चेहरा उतरला. तरी म्हणाला, "बोला काकाजी." त्याची ही गोष्ट मी विसरलो नाही. तो नाही म्हणू शकला असता.

मी म्हटलं, "माही बायको खोटं बोलत नाई. तिनं आजवर खोटं बोललेलं मले आठवत नाई. तिले खरंच दुखत नाई. पण ते बरं होणं नोय. तो पाय मरून राह्यला. साखर कुठं गेली नाई, ते मशीन उपाशी पोटी लावलं होतं. मी देवाले मानतो. माह्या बापानं मानला, त्याच्या बापानं मानला. पण खोट्यानं मोठं व्हाची देवाले गरज नाई. ज्याले कोणाले गोळी नाईतं सुई चालू असन त्यानं घरी जाऊन घ्या. देव रागावला तं माह्यावर रागावन."

मग एक वडील, म्हणजे आमच्यातले पंच, म्हणाले, "झालं तुमचं? बसा आता." मागून कोणी बाई म्हणाली, "सैतान बाहेरून थोडाच येते. घरातच जेवते." काही जण हसले.

मी हिच्याकडं पाहिलं. ती उभीच होती. टाळ्या वाजत होत्या तेव्हा जशी उभी होती तशीच, फक्त हात खाली. मग ती दाराकडं चालायला लागली. दाराशी चपला घातल्या आणि निघाली. दहा-वीस पावलांवर तिच्या फडक्याच्या पायातली चप्पल निघून पडली. तिला कळलं नाही. ती तशीच चालत गेली, एक पाय चपलेत आणि एक नुसत्या फडक्यात, त्या उन्हात. मी चप्पल उचलली आणि मागून हाका मारत गेलो. तिनं मागं पाहिलं नाही. चौकातल्या पानठेल्यावर बसलेल्यांनी पाहिलं, म्हातारा बायकोची चप्पल हातात घेऊन पळतो आहे.

घरी येऊन तिनं पिशवी भरली. नालवाडीला तिची बहीण असते, तीही येशूच्या विश्वासात. "मी तिकडं जाते," म्हणाली.

"दवाखान्यात चाल, मंग कुठंबी जा."

"आता तं मी दवाखान्यात जाणारच नाई. गेली तं तुमी खरे ठराल."

हे तिचं बोलणं. मी शब्द बदलला नाही. माझ्या खऱ्या बोलण्यानं तिच्यासाठी दवाखान्याचं दार लावून टाकलं. आधी ती भोळेपणानं जात नव्हती, आता हट्टानं जाईना, आणि हट्टात ती माझ्याहून कमी नव्हती. बेचाळीस वर्षं माझ्यासोबत संसार केलेली बाई.

पोरगा पुण्याला कंपनीत आहे. त्याचा फोन आला. "बाबा, आईले समजवाचं सोडून सगळ्यांसमोर तमाशा काऊन केला?"

"समजवून पाहिलं. एक दिवस नाई, रोज."

"मले सांगाचं. मी आलो असतो."

"दोनदा सांगतलं तुले. तू म्हणे सुट्टी नाई."

त्यानं फोन ठेवला. मी नालवाडीला जायचो. बहीण दारातच उभी राहायची. "ते झोपली हाय, भाऊजी." मी ओट्यावर बसायचो, आतून तिच्या खोकण्याचा आवाज यायचा, आणि तो वास यायचा. चहा मिळायचा. भेट मिळायची नाही.

शेवटी तापात ती बडबडायला लागली तेव्हा बहीण घाबरली आणि मला फोन केला. ऑटोत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, तिनं फडकं सोडलं आणि माझ्याकडं पाहिलं. इतके दिवस काय करत होते, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पोरगा आला. विष तोवर रक्तात गेलं होतं.

एका दुपारी ती शुद्धीवर होती. पोरगा खाली औषध आणायला गेला होता. मी खाटेशी स्टुलावर बसलो होतो.

"पाणी देऊ?" मी म्हटलं.

"नोको." मग छताकडं पाहत म्हणाली, "तुमचं खरं होतं."

मी तिची चादर सारखी केली.

"एक सांगा मले. तुमी त्या दिवशी उठले, ते मी जगाव म्हणून उठले का तुमचं खरं ठराव म्हणून?"

"तू जगाव म्हणून."

"पक्कं?"

"पक्कं."

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पुन्हा छताकडं पाहायला लागली. तिला पटलं की नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून वाचता आलं नाही. मी तिला खरं उत्तर दिलं होतं. पण त्या एका शब्दाला साक्षीदार कोणी नाही, आणि जिच्यासाठी तो शब्द होता ती दोन दिवसांनी गेली.

मंडळीनं कबर दिली. पास्टरनं विधी केला. प्रार्थनेत तो म्हणाला की आमच्या बहिणीचा विश्वास मोठा होता, पण आमच्यातल्याच काहींच्या अविश्वासानं देवाचा हात थांबला. तो माझ्याकडं न पाहता म्हणाला. वडील लोकांनी त्याला तसं म्हणायला लावलं असेल, किंवा त्याला स्वतःला ते मानून घेतल्याशिवाय झोप येत नसेल. मी माती टाकली. पोरानं माती टाकली. माझ्या शेजारी उभं राहायला कोणी आलं नाही.

मग दुसरे लोक आले. पुलगावकडचे काही जण, बोलायला गोड. ओसरीत बसले, चहा घेतला, हळहळले. म्हणाले, बाबा, त्या पास्टरनं तुमच्या बायकोचं औषध फेकायला लावलं, तुम्ही तसं लिहून द्या, बाकी आम्ही पाहतो. एकही म्हातारी अशी मरायला नको.

"त्यानं फेका म्हटलं नाई," मी म्हटलं.

"पण तुम्हीच तर सगळ्यांसमोर बोलले होते न?"

"मी बोललो ते येगळं. हे येगळं."

पोरगा मधे पडला. "बाबा, आई मेली. आता काय येगळं न काय सारखं? द्या लिहून."

"जे झालं नाई ते कसं लिहून देऊ?"

"म्हणजे तुमी त्याले वाचवणार?"

"मी कोणाले वाचवत नाई रे. मले कोणालेच वाचवता येत नाई."

त्यांनीच मग कुठं तक्रार केली, आणि मला ठाण्यावर बोलावलं. गेलो. भीती तिथंही वाटली. मंडळीवर राग होता माझा. एक वाक्य बोललो असतो तर पोरगा माझा राहिला असता, गावात चार माणसं माझ्या बाजूनं झाली असती, आणि शेडाला कुलूप लागलं असतं. जमादार लिहून घेत होता. मी सांगितलं: पास्टरनं औषध बंद करा असं म्हटलं नाही. तिनं स्वतः बंद केलं. चालू ठेवा असं सांगायला मी त्याला विनवलं होतं, ते त्यानं भीतीनं केलं नाही. ती बरी झाले म्हणाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जमादारानं पेन थांबवला. "बाबा, तुमची तक्रार हाय का नाई?"

"हाय. पण हे लोक म्हणतात ती नाई."

"मंग कोणती?"

"टाळ्या वाजवल्याची."

तो हसला. वाईट नाही हसला. "याले कलम कोणतं लावू, तुमीच सांगा."

मला कलम माहीत नव्हतं. अंगठा नाही, सही केली, आणि घरी आलो. पोरगा त्याच दिवशी पुण्याला गेला. जाताना पाया पडला नाही. फोन येत नाही. मी करतो तेव्हा सूनबाई उचलते आणि ते बाहेर गेलेत म्हणते. गोड बोलणारे लोक आता रस्त्यात भेटले तर थुंकतात. मंडळीत पसरलं की मी ठाण्यावर जाऊन पास्टरची तक्रार करून आलो. खरं काय ते पास्टरला माहीत आहे, त्यालाही एकदा ठाण्यावर बोलावलं होतं, तिथं जमादारानं वाचून दाखवलं असणार. त्यानंतर त्याला कोणी बोलावलं नाही. त्यानं ते मंडळीत सांगितलं नाही. भेटला की मान खाली घालतो.

मी अजून रविवारी जातो. लोक विचारतात, इतकं झालं तरी काऊन जातो? कुठं जाऊ? देव काही त्यांच्या घरचा नाही. मी बसतो त्या सतरंजीवर माझ्या दोन्ही बाजूंना जागा सुटलेली असते. प्रार्थना करतो. उत्तर येत नाही. पूर्वी येत होतं असंही नाही, पण तेव्हा मी वाट पाहत नव्हतो.

मागच्या महिन्यात मंडळीतल्या एका घरची तरुण सून साक्षीला उठली. तिला फिट येतात, लहानपणापासून गोळ्या आहेत, सगळ्या मंडळीला माहीत आहे. पदराशी चाळा करत म्हणाली, एवढ्यात फिट आली नाही, प्रभूनं काढून घेतली वाटते. टाळ्या सुरू झाल्या. मी हात टेकून उठायला लागलो. गुडघ्यांमुळं मला वेळ लागतो. मी पुरता उभा राहायच्या आत ढोलकी सुरू झाली, आणि सगळे गायला लागले. मी उभा राहून बोललो. पोरी, गोळ्या सोडू नको, एवढंच बोललो, दोन-तीनदा बोललो. गाणं संपलं की पुन्हा धरायचे. टिनाखाली मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. तिच्यापर्यंत काय गेलं असेल कोण जाणे. ती खाली पाहत होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. सासूनं खिडकीतून पाहिलं. "घरी माणूस नाई, काकाजी. मंग येजा." आत भांड्यांचा आवाज चालू होता. पुन्हा गेलो तेव्हा दार उघडलंच नाही.

काल रविवार होता. ती आली नव्हती. माहेरी गेली असेल, अंगावर काही दुखणं असेल, किंवा गोळ्या सोडल्या असतील आणि ते झालं असेल जे मला वाटतं. सासू पुढच्या रांगेत बसली होती, मी तिच्याकडं पाहिलं तर तिनं पदर ओढून घेतला. मी कोणाला विचारावं म्हणून उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. शेजारी कोणी नव्हतं.